८×४२ की १०×४२? पुण्यातून पक्षी बघायला निघणाऱ्यांसाठी

थंडी पडायला लागली की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "भिगवणला (उजनीच्या पाण्यावर) पक्षी बघायला जायचंय, दुर्बीण कोणती घेऊ?" दुकानात उत्तर ठरलेलं असतं: दहाची घ्या, जास्त जवळ दिसतं. मीही आधी दहाचीच घेतली. तीन हिवाळे वापरली आणि मग आठवर आलो.

पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×४२ मध्ये ती ५.२५ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२. क्षेत्रफळात हा फरक दीडपटीहून जास्त भरतो. सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत भल्या पहाटे तो लगेच कळतो. दहातून नुसतीच काळी आकृती दिसते, तिथे आठमध्ये छातीचा रंग कळतो. भर दुपारी मात्र दोन्ही सारख्याच, कारण उन्हात आपली बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरवर आलेली असते.

आठमध्ये दृश्य रुंद दिसतं म्हणून ती घ्या, असंही सांगतात. खरं आहे, पण जरा वाढवून सांगितलेलं. निकॉन मोनार्क एम५ चं उदाहरण घ्या: आठमध्ये ६.४ अंश, दहामध्ये ५.६. वीस मीटरवरच्या फांदीवर हा फरक जेमतेम २८ सेंटिमीटरचा, म्हणजे स्वर्गीय नर्तक या पक्ष्याच्या नराची लांब शेपटी मावेल एवढा. (ती शेपटीच बघायला आपण गेलेलो असतो, हे मान्य.)

माझं मत बदललं ते हाताच्या थरथरीमुळे. दहापट दुर्बीण हाताचा कंपही दहापट करते. डोंगर चढून धाप लागलेली असताना, किंवा उजनीच्या पाण्यात होडीत बसून रोहित (फ्लेमिंगो) बघताना, दहातलं चित्र नाचत राहतं. नावाडी वल्हं थांबवतो, तरी होडी डुलतच असते. आठमध्ये पक्षी थोडा लहान दिसतो, पण स्थिर दिसतो, आणि पिसांचे बारकावे तेव्हाच हाती लागतात.

दहा जिंकते ती काठावर. कवडीपाटला नदीकाठच्या चिखलात टिलवे, म्हणजे पाणथळीतले छोटे पक्षी, फिरत असतात. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. ओळख पटवायला तेवढं पुरतं, पण पक्षी चिमणीएवढा आणि पाय काडीसारखे. कोपर गुडघ्यावर टेकवून दहा लावली की काम होतं. सासवडकडच्या माळरानांवरही तेच. तिथे सगळंच लांब असतं आणि उजेडाला तोटा नसतो. तुमच्या दहातल्या सात फेऱ्या माळावर किंवा पाणथळीवर होत असतील, तर माझं ऐकू नका, दहाच घ्या.

बजेट कमी असेल तर जुन्या धाटणीची, खांदे बाहेर आलेली पोरो प्रिझमची दुर्बीण बघा. ऑलिंपसची ८×४० डीपीएस-१ तब्बल ८.२ अंश दाखवते, वरच्या दोन्हींपेक्षा रुंद. अडचणी दोन. चष्मेवाल्यांना डोळा भिंगापासून निदान १५ मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसायला हवं. हिच्यात ते अंतर १२ आहे, त्यामुळे कडा कापल्या जातात. मोनार्कच्या आठमध्ये ते १९.५ आहे. दुसरं म्हणजे ती जलरोधक नाही. माझी एक जुनी दुर्बीण पावसाळाभर कपाटात चामडी डब्यात पडून होती. गणपतीत काढली तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. तेव्हापासून प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. आत नायट्रोजन भरलेली दुर्बीण असेल तर ही काळजी बरीच कमी होते.

पोरो घेणार असाल तर दुकानाच्या दारात या, दुर्बीण हातभर लांब धरा आणि आकाशाकडे रोखून डोळ्याकडच्या भिंगात बघा. प्रकाशाचा ठिपका स्वच्छ गोल हवा. चौकोनी, करड्या कडांचा दिसला तर आतलं प्रिझम हलक्या प्रतीचं आहे, ठेवून द्या. '१०-३०×५०' असलं झूमवालं काही पुढे केलं, तर तेही.