लॉन लावून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत मे महिन्यात पाइप गॅसचं काम झालं. गेटपासून बी विंगपर्यंत बागेतून चर गेला, साधारण सव्वाशे फूट लांब आणि दोन फूट रुंद. पाइप नीट खोल गेला, त्यावर धोक्याची पिवळी पट्टीही टाकली. त्याबद्दल तक्रार नाही. खेळ झाला तो चर बुजवताना.

कंपनीचं जॅकेट घातलेला एक सुपरवायझर सेक्रेटरीकाकांना भेटला. "काका, कंपनी फक्त माती ढकलून देते. लॉन पाहिजे तर ते काम वेगळं. माणसं इथंच आहेत, तोवर स्वस्तात उरकून देतो." लाल माती, शेणखत, लॉन, मजुरी धरून ६० रुपये चौरस फूट. मोजताना चराच्या कडेची तुडवलेली हिरवळही त्याने धरली आणि अडीचशे चौरस फुटांचे सहाशे झाले. ३६,००० रुपये, निम्मे आगाऊ, निम्मे काम झाल्यावर. पैसे गेले कुणा नातेवाइकाच्या यूपीआयवर, पावती वहीच्या कागदावर.

आता मातीची गंमत ऐका. बागेतला वरचा थर म्हणजे इतक्या वर्षांचा पालापाचोळा आणि खत मुरलेली भुसभुशीत माती. खणताना ती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला काढायचा, भरताना मुरूम खाली आणि माती वर, ही साधी रीत. इथं "राडारोडा उचलतो" म्हणत ती माती टेंपोत चढली आणि खरा राडारोडा, म्हणजे विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, सिमेंटच्या गोण्या, चरात गेला. वर दोन बोटं लाल माती पसरली. शेणखताचं एकच पोतं आलेलं माळीमामांनी पाहिलं. त्यांनी हटकलं तर "मामा, तुम्ही फक्त पाणी मारा" असं उत्तर मिळालं. चांगली माती कुठं विकली गेली ते त्या टेंपोवाल्यालाच ठाऊक.

त्यावर लॉनचे तुकडे अंथरले, भरपूर पाणी मारलं, फोटो काढले. हिरवंगार दिसत होतं, यात वाद नाही. नर्सरीतून ताजा आलेला तुकडा फरशीवर ठेवला तरी आठवडाभर हिरवाच दिसतो. त्याच संध्याकाळी गेटवरच्या वॉचमनकडून "आमची माणसं गेली, एवढीच नोंद" म्हणून एका छापील कागदावर सही घेतली.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चर खचला. थराथराने भरून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून दाबलेलं नसेल तर दुसरं काय होणार? मधोमध पाणी साचलं, लॉन पिवळं पडलं आणि हाताने उचललं तर सतरंजीसारखं उचलून आलं; मुळं खाली गेलीच नव्हती. जे जोमाने वाढलं ते लव्हाळं, म्हणजे गाठींचं चिवट तण. लाल मातीतून त्याच्या गाठी आल्या होत्या, त्या अजून उपटतोय. वरून खुडून काही होत नाही, गाठ राहिली की पुन्हा फुटतं.

सुपरवायझरचा फोन बंद. मग कंपनीला ईमेल केला. उत्तर वाचून काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. खोदलेली जागा लॉनसकट पूर्ववत करणं हे कंत्राटदाराच्या कामातच होतं! कंपनीच्या नोंदीत ते पूर्ण झालेलं, सोबत आमच्याच बागेचे हिरवेगार फोटो आणि "काम समाधानकारक" या ओळीखाली वॉचमनची सही. म्हणजे एकाच कामाचे पैसे कंपनीने दिले आणि आम्हीही दिले. तो सुपरवायझर कंपनीचा नव्हताच, कंत्राटदाराच्याही खालच्या पोटकंत्राटदाराचा माणूस निघाला.

म्हणून सांगतो, गॅस असो, फायबर असो, वीज असो, खणायच्या आधी कंपनीकडून पत्र घ्या: जागा पूर्ववत कोण करणार, त्यात लॉन धरलंय का, आणि पावसाळ्यात खचली तर पुन्हा कोण भरणार. बागेचे आधीचे फोटो काढून ठेवा. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर कमिटीच सही करेल, हे वॉचमन आणि माळी दोघांनाही सांगून ठेवा. खणणाऱ्यांपैकी कुणी वेगळे पैसे मागितले तर त्याच्यासमोरच कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन लावा. बहुतेक तो तिथंच काढता पाय घेईल.

पाठपुरावा केल्यावर कंपनीने कंत्राटदाराकडून चर पुन्हा उघडून भरून घेतला. निघालेल्या विटांचा ढीग मुद्दाम दोन दिवस गेटपाशी ठेवायला लावला. ३६,००० मात्र परत आलेले नाहीत. "खासगी व्यवहार, आमचा संबंध नाही," असं कंत्राटदाराचं म्हणणं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं तक्रारीचं शुल्क लागत नाही आणि मुदत २ वर्षांची असते. यूपीआयची नोंद, वहीचा कागद आणि कंपनीचा ईमेल काकांनी एका फाइलीत लावून ठेवलेत.