सेव्हिलमधील साठ युरोंची कोळंबी

मार्चमध्ये आम्ही दोघे स्पेनमधल्या सेव्हिलला तीन दिवस होतो. कॅथेड्रल आणि त्याला लागून असलेला, मूळच्या मशिदीचा मिनार असलेला हिराल्दा मनोरा पाहून सान्ता क्रूझच्या अरुंद गल्ल्यांत शिरलो, तेव्हा एका उपाहारगृहाच्या दारातील माणसाने आम्हाला चक्क ‘नमस्ते’ म्हटले. परमुलखात कोणी नमस्ते म्हटले की आपला सावधपणा तिथेच गळून पडतो, तसेच झाले.

मेनूकार्ड उघडण्याआधीच वेटरने उएल्वाच्या किनाऱ्यावरची पांढरी कोळंबी ताजी आल्याचे सांगितले. कार्डावर तिच्यासमोर १२.५० युरो लिहिले होते, म्हणून आम्ही एक बशी मागवली. सोबत ‘बेयोता’, म्हणजे ओकची फळे खाऊन वाढलेल्या डुकराचा हॅमही मागवला. जाड्या मिठाची, नुकती उकडलेली कोळंबी खरोखर उत्तम होती, हे नाकारत नाही. न मागवलेले ऑलिव्ह आणि पाव टेबलावर आले, तेही आम्ही पाहुणचार समजून खाल्ले.

बिल १०८ युरोंचे आले. १२.५० हा दर बशीचा नसून शंभर ग्रॅमचा होता, हे कार्डाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले होते आणि आमच्या बशीत ४८० ग्रॅम कोळंबी होती, म्हणजे एकट्या कोळंबीचे साठ युरो. ऑलिव्ह साडेचार, पाव पाच, पेये साडेनऊ आणि हॅम एकोणतीस.

कोळंबीबाबत मी हतबल होते, कारण छापील दर खोटा नव्हता. शिजवण्याआधी वजन दाखवण्यास सांगायला हवे होते, ते आम्ही सांगितले नाही. हॅमचे मात्र वेगळे होते. आमच्यासाठी ज्या तंगडीतून काप काढले होते, ती गल्ल्याजवळच्या स्टँडवर होती आणि तिच्या खुराजवळची पट्टी पांढरी होती. २०१४ पासूनच्या स्पॅनिश नियमांनुसार बेयोताची पट्टी काळी किंवा लाल असते. हिरवी आणि पांढरी पट्टी त्याखालच्या प्रतींची, त्यांतही पांढरी म्हणजे गोठ्यातल्या खाद्यावर वाढवलेले जनावर. ती पट्टी दाखवून मी तक्रारीचा सरकारी कागद, ‘ओखा दे रेक्लामासिओनेस’, मागितला. तो मागणाऱ्याला देणे तेथे बंधनकारक आहे आणि तशी पाटी गल्ल्यामागे लावलेलीही होती. कागद काही आला नाही, मालक आला. न मागवलेल्या पदार्थांचे साडेनऊ युरो आणि हॅममधले बारा युरो त्याने मुकाट्याने कमी केले. कागदाचा आग्रह धरायला हवा होता, असे आता वाटते, पण ८६.५० भरून आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे त्रियानात एका जुन्या बारमध्ये उभ्यानेच जिऱ्याच्या वासाची पालक-छोल्यांची भाजी खाल्ली. तेथील म्हाताऱ्या गृहस्थांनी प्रत्येक बशी देताना तिची किंमत आमच्यासमोर लाकडी काउंटरवर खडूने लिहिली आणि आम्ही पैसे दिल्यावर ओल्या फडक्याने पुसून टाकली.