पोलर एच१० : ठोके मोजणारा छातीचा पट्टा कुणी घ्यावा आणि कसा वापरावा

पळण्याचा, सायकलचा किंवा रोइंगचा सराव हृदयाच्या ठोक्यांवर बेतून करायचा असेल, तर पोलर एच१० घ्यावा, हे बिनदिक्कत सांगता येतं. रोज सकाळी तासभर चालणाऱ्याला मात्र त्याची गरज नाही, मनगटावरचं घड्याळ पुरतं.

फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत येणारी रक्ताची लाट पाहतो. थंडीत कातडीकडचं रक्त कमी झालं, हात जोरात हलला, डंबेल धरताना मनगट वाकलं, की ती लाट हरवते. पळताना कधी कधी घड्याळ पावलांचीच लय पकडतं. मिनिटाला १७० पावलं पडत असली तर ठोकेही १७० दाखवत राहतं, आणि खरे असतात १४०. एच१० हृदयाचा विद्युत संदेशच टिपतो, ईसीजीसारखा, छातीवर टेकलेल्या इलेक्ट्रोडमधून. दोन ठोक्यांमधलं अंतर तो मिलिसेकंदांत देतो.

हे अंतर कामाचं का, ते व्यायाम सुरू होताच कळतं. बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला ७० ठोके देतं आणि दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं, म्हणजे जवळपास ५ लिटर. जोरात पळताना हेच २० लिटरवर जातं आणि त्यातला बहुतांश भाग स्नायूंकडे वळतो. हृदयाची गती आवरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूने लावलेला ब्रेक पहिल्या एक-दोन ठोक्यांतच सुटतो, म्हणून सुरुवातीची उडी झटपट असते. त्यापुढची वाढ अ‍ॅड्रेनालिनच्या वाटेने सावकाश येते. पट्ट्यावर ही उडी लगेच दिसते, घड्याळ मागे राहतं.

पण अर्ध्या मिनिटाच्या स्प्रिंटला एच१० सुद्धा उपयोगाचा नाही. दोष यंत्राचा नाही. हृदयच त्या वेगाला साजेशा ठोक्यांवर पोचायला मिनिट-दोन मिनिटं घेतं, तोवर स्प्रिंट संपलेली असते. तिथे वेग किंवा वॉट, म्हणजे लावलेली ताकद, पाहा. चार-चार मिनिटं जोर आणि मधे विश्रांती, अशा इंटरव्हलना हा पट्टा खरा उपयोगी पडतो, आणि तिथेही आकडा शेवटच्या दीड-दोन मिनिटांतलाच धरावा.

आता घालण्याबद्दल. बहुतेक तक्रारी इथेच उगवतात. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे इलेक्ट्रोड नळाखाली नीट ओले करा, नुसती बोटं फिरवून भागत नाही. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, हूक लावून, दीर्घ श्वास घेता येईल पण उडी मारल्यावर घसरणार नाही इतका घट्ट. मग सेन्सर दोन्ही टिचबटणांवर दाबून बसवा. पहिल्या पाच-सात मिनिटांत आकडा अचानक २०० च्या वर जाऊन खाली येत असेल, तर बहुधा इलेक्ट्रोड कोरडे आहेत किंवा सैल सिंथेटिक टी-शर्ट घासून स्थिर वीज तयार होते आहे. नागपूर-नाशिककडच्या कोरड्या हिवाळ्यात हे फार होतं. अंगाबरोबरचा टी-शर्ट घाला, घाम आला की आपोआप थांबतं.

व्यायाम झाला की सेन्सर लगेच काढायचा, हे विसरू नका. टिचबटणांवर राहिला तर ओल्या पट्ट्यामुळे तो जागा राहतो आणि सेल खातो. कंपनी सेलचं आयुष्य ४०० तास सांगते, पण काढला नाही तर तेवढे मिळत नाहीत. सेल सीआर२०२५ लागतो. दुकानात सहज मिळणारा सीआर२०३२ जाडीला जास्त असतो, तो दाबून बसवू नका. झाकणाची रबरी रिंग खाचेत नीट बसली नाही तर पाणी शिरतं. पट्टा रोज साध्या पाण्याने खळखळून धुवा, आणि दर चार-पाच वापरांनंतर सेन्सर काढून मशीनमध्ये ४० अंशांवर. ब्लीच नको, सॉफ्टनर नको, इस्त्री तर नकोच. घामाचं मीठ साचलं की आधी इलेक्ट्रोड जातात. आकडे वरचेवर तुटायला लागले तर नवा सेन्सर न घेता आधी फक्त पट्टा बदलून पाहा.

जोडणीत तो उदार आहे. ब्लूटूथ आणि अँट प्लस (व्यायामाच्या उपकरणांतली दुसरी बिनतारी जोडणी) दोन्ही चालतात, म्हणजे फोन आणि सायकल कॉम्प्युटर एकाच वेळी. पाण्याखाली ब्लूटूथ पोचत नाही. पोहताना कंपनीच्या अ‍ॅपमधून आधी नोंद सुरू करावी, एक सत्र सेन्सरच्या स्मृतीत साठतं.

अ‍ॅपमधले तयार झोन, म्हणजे सरावाच्या जोरानुसार पाडलेले ठोक्यांचे टप्पे, मात्र तसेच ठेवू नका. २२० वजा वय हे सूत्र साठीच्या माणसाला कमाल १६० देतं, २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र १६६ देतं, आणि प्रत्यक्षात माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. निवांत असतानाचे ठोके धरून काढलेले झोन बरे. कमाल १८० आणि सकाळी अंथरुणात ६० असतील, तर मधली जागा १२० ची. तिचे ६० टक्के म्हणजे ७२, त्यात ६० मिळवले की १३२. सरळ १८० चे ६० टक्के काढले तर १०८ येतात, आणि त्यावर सराव म्हणजे नुसता फेरफटका.

मुंबई किंवा कोकणातल्या दमट हवेत एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच वेगाने पाऊण तास पळताना ठोके १३५ वरून १५० वर चढले तर पट्टा बिघडलेला नसतो. घाम सुकत नाही, रक्त कातडीकडे वळतं, घामावाटे रक्तातलं पाणीही कमी होतं. दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं, ते हृदय ठोके वाढवून भरून काढतं. हलका सराव असेल तर वेग कमी करा, ठोके झोनमध्ये ठेवा.

जड वजनं उचलताना या आकड्यावर विसंबू नये. श्वास रोखून बारबेल उचलताना रक्तदाब खूप चढतो, ठोके त्या मानाने बेताचेच राहतात. रक्तदाब असलेल्यांनी १२० ठोके म्हणजे हलका भार, असं समजू नये. ठोके कमी ठेवणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर सूत्रावरचे सगळेच झोन गैरलागू ठरतात, मर्यादा डॉक्टरांकडूनच घ्यावी. ईसीजीसारखा संदेश टिपत असला तरी हा पट्टा धमनीतला अडथळा दाखवत नाही. छातीत दडपण आलं तर आकडा कितीही ठीक दिसो, थांबा आणि दवाखाना गाठा.

सराव संपल्यावर एक मिनिट नोंद चालू ठेवा. एकदम थांबून उभे राहू नका, सावकाश चालत राहा. पोटऱ्यांचे स्नायू शिरांतलं रक्त वर ढकलत असतात, ते थांबले की रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते. जोरदार सरावानंतर असं चालताना त्या पहिल्या मिनिटात ठोके १२ पेक्षा जास्त उतरायला हवेत. वारंवार तेवढे उतरत नसतील, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा.