ट्रेल शूजच्या नावाखाली ९,३५८ रुपयांना गंडलो, तुम्ही गंडू नका

एकूण गेले ९,३५८. बुटाचे ३,४९९, मग "एक्स्चेंज डिपॉझिट" म्हणून १,१८० आणि शेवटी रिफंड देतो म्हणून तेवढेच, म्हणजे ४,६७९, परत माझ्याच खात्यातून. हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या.

मी काही नवखा नाही. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड, अधूनमधून के-टू-एस (कात्रज ते सिंहगड) हे चालूच असतं. जुन्या बुटांची ग्रिप पार गुळगुळीत झाली होती आणि चांगले ट्रेल शूज दुकानात १२-१३ हजारांच्या खाली हात लावू देत नाहीत, त्यात ही क्लिअरन्स सेलची जाहिरात, ब्रँडचा लोगो, रिव्ह्यू, साइझ चार्ट, सगळं अगदी खऱ्यासारखं. कुणीही फसलं असतं.

पण पैसे भरताना स्क्रीनवर नाव काय आलं? ब्रँडचं नाही, कंपनीचं नाही, कुठल्यातरी माणसाचं नाव आणि पुढे मोबाईल अँड जनरल स्टोअर्स. मी ते वाचलं हो. नीट वाचलं. परदेशी कंपनीचे बूट जनरल स्टोअरवाला कशाला विकेल? पण वर ऑफर संपायचं घड्याळ उलटं पळत होतं, माझ्या साइझचे दोनच जोड शिल्लक दाखवत होते, मनात म्हटलं पेमेंट गेटवेचं नाव असेल, आणि टाकला पिन. ते जनरल स्टोअर्स आजही झोपताना डोळ्यासमोर येतं. नाव जुळलं नाही तर तिथेच बॅक दाबा, ऑफर गेली खड्ड्यात.

बूट आले. बॉक्सवर एमआरपी नाही, आयातदाराचं नाव-पत्ता नाही (इम्पोर्टेड मालावर हे छापावंच लागतं, बघत जा). डाव्या बुटाच्या जिभेवर युके ९, उजव्यावर युरो ४२, म्हणजे उजवा चक्क एक नंबर लहान. सोलवर वायब्रमचा (सोल बनवणारी नावाजलेली कंपनी) पिवळा अष्टकोन होता, नखाने खरवडला तर सोलून हातात आला. रबर असं टणक की नख रुतेना. कातळावर सगळा खेळ रबराच्या चिकटपणाचा असतो आणि घसाऱ्यावर ४-५ मिमीचे लग (सोलचे दात) लागतात, इथे लग जेमतेम २ मिमी. मग घातलेच कशाला म्हणाल, तर पैसे दिले होते म्हणून! के-टू-एसच्या एका टेकडीवरून उतरताना मुरमावर उजव्या बुटाचा सोल चवड्यापासून जीभ काढल्यासारखा उघडला आणि मी बसल्या बसल्या दहा-बारा फूट खाली. तळहात सोलवटले, कारवीला धरलं म्हणून थांबलो. पुढे दरीची बाजू होती.

व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार केली तर पोरगी गोड मराठीत बोलली, सर डिपॉझिट भरा, रिफंडेबल आहे. भरलं. मग म्हणे रिफंडची रिक्वेस्ट पाठवलीय, अप्रूव्ह करा. पैसे यायला पिन लागत नाही हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगत असतो, पण फोनवर ती घाई करत होती, मी मीटिंगमधून बाहेर आलेलो, रक्कमही पैशापैशाला बरोबर. असं होतं माणसाचं.

आता पुढची मजा. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणे सायबरला जा, सायबरवाले म्हणे ऑनलाइन टाका, ते तुमच्या स्टेशनलाच येईल, आणि परत स्टेशनला गेलो तर स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का हवा, आणि बँक म्हणते शिक्का होम ब्रँचला मिळेल, होम ब्रँच सांगलीला! हवालदारसाहेब तर वर तोंड करून म्हणाले, लोकांचे चाळीस-चाळीस लाख गेलेत आणि तुम्ही बुटाचं काय घेऊन बसलात, आमच्या गावची पोरं चपलेवर गड चढतात. अहो चढतात ना, पण म्हणून चोराला सोडायचं का? कर भरताना कुणी विचारत नाही मला की एवढीशी रक्कम कशाला भरताय. तक्रारीचं स्टेटस अजून "अंडर प्रोसेस".

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, संध्याकाळपर्यंत थांबू नका, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठलं तरच काही हाती लागतं. चॅट डिलीट करू नका. बूट दुकानात जाऊन, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचे मोजे घालून बघा, पुढे अंगठाभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. आणि ज्या साइटवर फक्त व्हॉट्सअ‍ॅप नंबर आहे, पत्ता नाही, तिथून मोजासुद्धा घेऊ नका.

हवालदारसाहेब शेवटी एवढं बोलले की त्याच खात्यावर आणखी तक्रारी असतील तर बघू. तेव्हा ३,४९९ च्या सेलमध्ये कुणाचे जनरल स्टोअर्सच्या नावाने पैसे गेले असतील तर तक्रार क्रमांक घेऊन मला मेसेज करा, सगळे मिळून एकदाच जाऊ. आणि चपलेवर या.