पोलो टीएसआयवर कॉइलओव्हर : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडी चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो, 1.2 टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल. कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग बसवलेला, उंची बदलता येणारा सस्पेन्शनचा किट. हा तैवानी बनावटीचा, उंची आणि डॅम्पिंग (झोके आवरण्याची ताकद) दोन्ही बदलता येणारा, प्रत्येक शॉकअपला एक नॉब आणि तो फिरवायला 30 क्लिक. वापर रोजचं पुणे, एक्सप्रेसवे, ताम्हिणी आणि आंबेनळी, अख्खा पावसाळा, शिवाय कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर ट्रॅक-डे, म्हणजे आपलीच गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस.

आधी निकाल सांगून टाकतो: क्लिकचा आकडा बघून किट घेऊ नका. स्प्रिंग किती कडक, शॉकअपचा स्ट्रोक (आत-बाहेर सरकायची जागा) किती आणि त्याला वर गाडीशी जोडणारं माउंट कसलं, या तीन प्रश्नांवर गाडी सुखाची होणार की डोकेदुखीची, हे ठरतं.

नॉब फिरवल्यावर रॉडच्या आतली सुई तेलाची एक छोटी वाट उघडते किंवा बंद करते. घाटात गाडी कलते, ब्रेकला नाक खाली जातं, तेव्हा पिस्टन सावकाश सरकतो आणि तेल याच वाटेने जातं. तिथे दोन-तीन क्लिकचा फरकही हाताला कळतो. खड्ड्यात मात्र पिस्टन झटक्यात आत जातो. तेवढं तेल या वाटेने मावत नाही, ते शिम्समधून, म्हणजे पिस्टनवरच्या पातळ चकत्या वाकवून, जबरदस्तीने जातं. तिथे नॉबचं फारसं चालत नाही. म्हणून ‘सॉफ्ट केलं तरी खड्डा लागतोच’ ही तक्रार खरी असते, आणि तिचा उपाय क्लिकमध्ये नसतो.

उपाय स्प्रिंगमध्ये. पोलोच्या पुढच्या एका चाकावरचं झुलणारं वजन 300 किलोच्या आसपास धरा. पुढची स्प्रिंग 4 किलो प्रति मिमी घेतली तर गाडीची वरखाली होण्याची गती साधारण 1.7 हर्ट्झ (सेकंदाला तेवढे झोके) येते, 6 किलोला 2.1. साध्या फॅमिली गाड्या 1 ते 1.5 च्या दरम्यान असतात. 1.7 रस्त्यावर घट्ट पण सोसवणारी आहे. 2.1 ला कारीवर मजा, पण सिंहगड रोडवर रोज दात वाजतील. ऑर्डर देतानाच बहुतेक विक्रेते स्प्रिंग बदलून देतात, तेव्हा विचारा. नंतर हट्ट करून उपयोग नाही. मागच्या स्प्रिंगचा आकडा पुढच्यापेक्षा जास्त दिसला तरी घाबरू नका. पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी, पिळली जाणारी तुळई) आहे आणि स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, अक्षाच्या पुढे बसते. चाकाच्या मानाने ती कमी दबते, म्हणून आकडा मोठा लागतो. म्हणजे मागे खरं तर कॉइलओव्हर नसतोच. स्प्रिंगखाली उंचीचा ॲडजस्टर आणि बाजूला स्वतंत्र शॉकअप.

उंचीच्या बाबतीत मोह आवरा. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स 165 मिमी. या किटवर गाडी 20 मिमी खाली आहे आणि तेवढंच पुरे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो. गल्लीतला डांबराचा ढिगारा या मापात बसत नाही, हे सांगायला नकोच. पोट घासणं हा त्यातला छोटा तोटा. पोलोसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (पुढे शॉकअपच चाकाला वरून धरतो) लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, आडव्या रेषेच्या खाली-वर कुठे आहे याला फार महत्त्व असतं. गाडी जास्त पाडली की आर्मचं बाहेरचं टोक वर जातं, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतं आणि गाडी वळणावर उलट जास्त कलते. मग लोक ते दाबायला अजून कडक स्प्रिंग घालतात.

उंची बदलताना स्प्रिंगची सीट फिरवू नका, खालची थ्रेडेड बॉडी फिरवा. स्प्रिंगचं प्रीलोड (वजन येण्याआधीच दिलेला दाब) 2 ते 5 मिमी, म्हणजे सीट हाताने टेकेपर्यंत आणि वर थोडं. त्याने शॉकअपचा स्ट्रोक शाबूत राहतो. मोजमाप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत घ्या. जमिनीपासून घेतलं तर टायरची हवा फसवते. स्ट्रोक पुरतोय का हे बघायला रबरी बूट वर सरकवून रॉडला एक केबल टाय सैल बांधा आणि रोजचा खराब रस्ता फिरून या. टाय सरकून बंप स्टॉपपाशी (स्ट्रोकच्या टोकाला असलेल्या फोमच्या ठोकळ्यापाशी) चिकटला असेल तर गाडी स्प्रिंगवर नाही, फोमवर चालली आहे. दहा-पंधरा मिमी शिल्लक दिसले की झालं.

फिटिंगमधल्या चुका ठरलेल्या आहेत. मेकॅनिक वरच्या नटला इम्पॅक्ट गन लावतो. रॉड गरगर फिरतो आणि सीलची वाट लागते. रॉड ॲलन कीने धरूनच नट आवळायला लावा. लोअर आर्मच्या बुशचा (सांध्यातल्या रबराचा) बोल्ट गाडी हवेत असताना घट्ट केला तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकांवर वजन आल्यावर आवळा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन ब्रेक होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना बघा. हेडलाइटची उंची शेवटी.

पावसाळ्याने दोन गोष्टी दाखवल्या. चिखल थ्रेडमध्ये बसून लॉक रिंग जाम झाली. ती सी-स्पॅनरने (रिंगच्या खाचेत अडकणाऱ्या पान्याने) जोर लावून फिरवली की ॲल्युमिनियमचे दात उडतात. आधी पाणी, मऊ ब्रश, मग कोरडा सिलिकॉन स्प्रे. ग्रीस नको, ती धूळ धरून ठेवते. कोकणात मुक्काम असेल तर परतल्यावर धुणं चुकवू नका. दुसरं म्हणजे पुढून टकटक. एकाला स्टिअरिंग फिरवायला सांगून स्प्रिंगवर हात ठेवला तर ती अडकून झटक्याने सुटताना हाताला कळते. सीटवर थ्रस्ट वॉशर (स्प्रिंगला मोकळं फिरू देणारी चकती) टाकला की आवाज जातो. तरीही खटखट राहिली तर वरच्या माउंटमधल्या पिलोबॉलला (रबराऐवजी असलेल्या धातूच्या गोल सांध्याला) खेळ आलाय. आपल्या धुळीत तो झिजणारच. रस्त्यासाठी मूळ रबरी माउंट चालवणारा किट मिळाला तर तोच घ्या, कॅम्बर प्लेटचा (चाकाचा आत-बाहेरचा कल बदलणाऱ्या माउंटचा) हव्यास सोडा. कॅम्बर प्लेट असलीच तर तिला हात लावला की टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) बदलतो, दर वेळी अलाइनमेंट.

क्लिक मोजायची पद्धत: नॉब पूर्ण कडक करा, तिथून उलटे मोजा. टोकाला जोर दिला तर सुईची बैठक खराब होते. शहरात कडकपासून 18 मागे, कारीवर 8. एक्सप्रेसवेच्या काँक्रीटच्या जोडांवर गाडी हळूहळू खाली बसत गेल्यासारखी वाटली तर रिबाउंड (शॉकअप परत उघडतानाचं डॅम्पिंग) जास्त आहे, चाकाला परत खाली यायला वेळ मिळत नाही; तीन क्लिक सोडा. आणि एका वेळी गाडीचं पुढचं किंवा मागचं एकच टोक बदला, नाहीतर कशाने काय झालं तेच कळत नाही.

दुसरे पर्याय? ट्रॅकला जायचंच नसेल तर फक्त उंची बदलणारा बिल्स्टाइन बी14 किंवा केडब्ल्यू व्हेरिएंट 1 जास्त शहाणपणाचा. डॅम्पिंग जाणकारांनी बसवून दिलेलं असतं. कॉम्प्रेशन (दबतानाचं डॅम्पिंग) आणि रिबाउंड वेगवेगळे हवेत तर व्हेरिएंट 3, पण त्याच्या दोन नॉबसाठी वेळ आणि टायर दोन्ही खर्च करावे लागतात. कुठलाही घ्या, सील बदलून रीबिल्ड भारतात होतं का हे पैसे देण्याआधी लेखी विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत बदल करायला आडवं येतं, विमा कंपनीही क्लेमच्या वेळी प्रश्न काढू शकते. मूळ शॉकअप, स्प्रिंग आणि माउंट तेल पुसून, डावं-उजवं खडूने लिहून माळ्यावर ठेवा. गाडी विकतानाही गिऱ्हाईक तेच मागतं.