डीसी ड्राइव्ह म्हणून डिमर गळ्यात मारला, १५,७९० रुपये गेले

११,८०० रुपये रोख मोजून घेतलेल्या ‘डीसी ड्राइव्ह’च्या, म्हणजे डीसी मोटारीचा वेग कमी-जास्त करायच्या, डब्यात निघालं काय? एक ट्रायॅक आणि एक डायॅक (वीज कापून कमी करणारे भाग), एक डायोड ब्रिज (एसीचं डीसी करणारा) आणि एक पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर). म्हणजे डिमर, पंख्याचा रेग्युलेटर, मोठ्या डब्यात घातलेला. वर स्टिकर मात्र ‘क्लोज्ड लूप, करंट लिमिट’ असा, म्हणजे वेग स्वतः सांभाळणारा आणि करंटला मर्यादा घालणारा. घेतला होता हळदीच्या चाळणीच्या बेल्टसाठी. मोटार १ एचपी, १८० व्होल्ट, शंट प्रकारची डीसी.

जिथे कळायला हवं होतं ती जागा आजही टोचते. अशा मोटारीला चार टोकं असतात, दोन आर्मेचरची (फिरणारी गुंडाळी), दोन फील्डची (चुंबकत्व देणारी स्थिर गुंडाळी). खऱ्या ड्राइव्हला फील्डची टर्मिनल वेगळी असतात, कारण फील्डचे व्होल्ट स्थिर ठेवून फक्त आर्मेचरचे कमी-जास्त करायचे असतात. या डब्यातून बाहेर येणारी टर्मिनल दोनच. सांगलीतल्या त्या विक्रेत्याने डोळ्यांदेखत फील्ड आणि आर्मेचर एकत्र पिळलं आणि म्हणाला, “चालतंय की मालक.” तसं जोडलं की नॉब खाली आणताना फील्डही दुबळं होतं. वेग फारसा उतरत नाही, ताकद मात्र धडाधड उतरते, आणि तोच भार ओढायला आर्मेचर जास्त करंट खेचतं. नॉब थोडा फिरेपर्यंत काहीच नाही, मग एकदम झटका, हेही तिथेच दिसलं होतं. पण हंगाम ऐन भरात, बेल्ट बंद, पोती पडून. मीटरवर व्होल्ट चढताना दिसले आणि बेल्टविना मोटार गोड फिरली. अशा घाईत कुणीही गाठला जाईल. बिनभाराच्या चाचणीवर एक रुपयाही देऊ नका.

तिसऱ्या दिवशी हळकुंडं अडकून बेल्ट जाम झाला. ५ अँपिअरच्या मोटारीला करंट लिमिट साधारण ७.५ वर लावतात, पुढे ड्राइव्ह करंट वाढू देत नाही. इथे लिमिटच नव्हती. आर्मेचर जळालं. भरून घ्यायला ३,६५०, कार्बन ब्रशला ३४०.

पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, “मोटार फिरली होती ना? मग ही दिवाणी बाब.” अर्ज ठेवून घेतला, पोच नाही. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर “धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही.” २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याने त्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाचीच धरली जाते, हे आपणच त्यांना समजावायचं! मग म्हणे पक्कं बिल आणा. ११,८०० मध्ये १,८०० जीएसटीचे घेतले, पण पावतीवर जीएसटी क्रमांकच नाही. सरकारच्या नावाने घेतलेल्या पैशांबद्दलही लेखी तक्रार दिली, तिला उत्तर नाही. पक्कं बिल हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

खऱ्या ड्राइव्हच्या बोर्डवर किमान वेग, कमाल वेग, करंट लिमिट, आयआर भरपाई (भाराने उतरलेला वेग सावरणारी) असे छोटे ट्रिमर, म्हणजे स्क्रूने फिरवायचे पॉट, असतात. २३० व्होल्टवरचा ब्रिज पूर्ण उघडला तर सरासरी २०७ व्होल्ट देतो, मोटार १८० ची, म्हणून कमाल वेगाचा ट्रिमर लागतोच. फील्डवर मीटर लावून नॉब फिरवा. व्होल्ट हलले की डबा परत. चालत्या मोटारीची फील्डची वायर मात्र काढू नका, मोटार सुसाट पळते. टॅकोमीटरवर (वेग मोजायचं यंत्र) ३०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ३०० फेरे, लावून भार द्या. आकडा कोसळला तर फीडबॅक नाही, म्हणजे वेग सांभाळणारं काहीच नाही. करंट तपासायचा क्लॅम्प मीटर डीसी मोजणाराच हवा, स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात. आणि डबा उघडायचा तर आधी मेन काढा, असल्या सर्किटमध्ये पॉटच्या टोकांवरही मेनचा करंट असतो.