बर्लिनचं ऑलिंपिक स्टेडियम: मी फक्त उसेन बोल्टसाठी गेलो होतो

मुलगी जर्मनीत शिकते, तिच्याकडे गेलो होतो, बर्लिनला दोन दिवस मिळाले. सगळे आधी भिंत बघायला पळतात, मी म्हटलं मला आधी स्टेडियम दाखव. ती म्हणाली बाबा आज तिथे मॅच पण नाहीये. म्हटलं म्हणूनच तर.

पहिल्या दिवशी चूक केली, एका टूरवाल्याच्या बसचं तिकीट काढलं, यादीत स्टेडियम लिहिलेलं, प्रत्यक्षात बाहेर दहा मिनिटं फोटोसाठी थांबवून पुढे. दुसऱ्या दिवशी आपले आपण यू टू मेट्रोने गेलो, स्टेशनपासून चालत जाता येतं, तिकीट काढून आत.

आत गेल्यावर तो निळा ट्रॅक! १६ ऑगस्ट २००९, आपल्याकडे रात्रीचा एक वाजून गेलेला, टीव्हीचा आवाज बारीक करून इथली वर्ल्ड चॅम्पियनशिपची १०० मीटर फायनल बघत होतो, चौथ्या लेनमध्ये जमैकाचा बोल्ट, पाचव्यात अमेरिकेचा टायसन गे. आदल्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला ९.६९ सेकंदात पळताना गडी शेवटी छाती बडवत स्लो झालेला, त्यामुळे पूर्ण जोर लावला असता तर किती यावर वर्षभर नुसत्या गप्पा. इथे लावला. ९.५८. आपलाच रेकॉर्ड ०.११ ने मोडला, १०० मीटरमध्ये हे म्हणजे काहीच्या काही आहे, आणि मागून ढकलणारा वारा पण फक्त सेकंदाला ०.९ मीटरचा. मला वाईट गे चं वाटतं, पठ्ठ्या ९.७१ पळाला, बीजिंगच्या आधी हाच टाइम वर्ल्ड रेकॉर्ड ठरला असता, इथे दुसरा आला. जमैकाचाच असाफा पॉवेल ९.८४, तिसरा.

टीव्हीवर १०० मीटर छोटं वाटतं हो. मी खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, स्टार्टच्या अंदाजाने सुरू करून फिनिशपर्यंत मोबाइलचं स्टॉपवॉच लावून चाललो, गुडघा धरून १ मिनिट १२ सेकंद लागले. तेवढ्यात बोल्ट सात वेळा पळून पाणी पिऊन बसला असता. मुलगी लांबून व्हिडिओ काढत हसत होती, हसू दे.

तिकडे मॅरेथॉन गेटपाशी १९३६ च्या ऑलिंपिक विजेत्यांची नावं दगडात कोरलीत, ती चुकवू नका. अमेरिकेच्या जेसी ओवेन्सने चार गोल्ड तेव्हा इथेच घेतली, १०० मीटर १०.३ मध्ये, तेव्हा ऑलिंपिकमध्ये सुरुवातीला पाय टेकवायचे स्टार्टिंग ब्लॉक वापरत नव्हते, पळणारे खुरपीसारख्या हत्याराने पायासाठी खड्डे करायचे. बोल्टला मात्र शहराने बर्लिनच्या भिंतीचा एक अख्खा तुकडाच दिला, जवळपास तीन टन, तो जमैकाला नेला!

माझ्याकडून पाच स्टार. मॅच किंवा कॉन्सर्टच्या दिवशी असं फिरायला मिळत नाही, तारीख बघून जा. ट्रॅकवर उतरता येत नाही आणि ते बरंच आहे, नाहीतर मी चौथ्या लेनमध्ये झोपूनच फोटो काढला असता.